रिकाम्या फुग्यांतला आवाज

शाळेच्या परीक्षा संपल्या की माझी भाची तन्वी आमच्याकडे नांदेडला राहायला येते. यंदाही आली. एप्रिलची दुपार होती, नळाला पाणी येऊन दोन दिवस झाले होते आणि पडदे ओढून मी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आतल्या खोलीत तिच्या मोबाइलवर काहीतरी चाललं होतं. कुणीतरी पुरुष जपानीत बोलत होता. घोगरा, जड आवाज, खोल विहिरीत कुणी बोलावं तसा.

"कोण बोलतंय गं?" मी सहज विचारलं.

"जनावर," ती म्हणाली. "मावशी, ये ना. मस्त ॲनिमे आहे, जपानी कार्टून."

मी लाल पेन हातात तसाच घेऊन गेले. पडद्यावर एका वैराण रस्त्यावरून खांद्याला झोळी लावलेली मुलगी चालली होती, आणि तिच्या शेजारून बैलाहून उंच, लांडग्याच्या तोंडाचं, हरणाच्या शिंगांचं एक जनावर. उन्हात मुलीची सावली पडली होती, जनावराची पडली नव्हती. मी भिंतीला टेकले.

"हे बोलत नाही," मी म्हणाले. "पुस्तकात हे जनावर बोलत नाही."

तन्वीनं मोबाइल थांबवला. जपानी चित्रकथांची पुस्तकं, ज्यांना ही मुलं मांगा म्हणतात, ती आपल्या जीवशास्त्र शिकवणाऱ्या मावशीनं वाचली असतील हे तिला खरं वाटेना. मी कपाटावरची पेटी काढून तिला ती पुस्तकं दाखवली. कडा पिवळ्या पडलेल्या, एकाच्या मलपृष्ठावर चहाच्या कपाचा डाग. ती हरखली. मग एकेक पान ती मोबाइलशी ताडून पाहू लागली आणि म्हणाली, "अगं, किती फरक आहे."

फरक होता. पण तिला दिसत होता त्याहून मोठा होता, आणि तो कसा सांगावा हे मला कळत नव्हतं.

ती पुस्तकं रेणुकाची. लातूरला आम्ही एका खोलीत राहायचो. मी मुखेडची, ती किनवटच्याही पुढच्या, सागाच्या जंगलातल्या एका गावची. बारावी आणि त्यानंतरच्या प्रवेश परीक्षा लातुरातूनच द्यायच्या, अशी आमच्याकडच्या घरांची समजूत होती, अजून आहे. मी पहिल्यांदा खोलीत आले तेव्हा ती खाटेवर पालथी पडून काहीतरी वाचत होती, आणि पुस्तक शेवटाकडून सुरू करून पानं उलट्या दिशेनं उलटत होती.

"उलटं वाचून राहिलीस तू," मी म्हणाले.

"जपानी लोक उजवीकडून वाचतेत," ती मान वर न करता म्हणाली. "बस इथं. सांगते."

तिचा भाऊ दत्ता हैदराबादला एसी दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथून तो तिच्यासाठी ही इंग्रजीतली पुस्तकं उचलून आणायचा. मला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. रेणुका चित्रावर बोट ठेवून मराठीत सांगायची. मिनो नावाची मुलगी, तिची आई हरवलेली. देशावरून पाऊस निघून गेलेला. डोंगरापलीकडच्या गावात आई असेल म्हणून ती निघते, आणि वाटेत तिला हे जनावर भेटतं. आणि त्या जनावराची गंमत अशी की चित्रकारानं त्याच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे तर काढले होते, पण त्यांत अक्षर नव्हतं. मिनोच्या फुग्यात शब्द असायचे. जनावराचे फुगे कोरे. ते काय म्हणालं हे फक्त मिनोला ऐकू यायचं, वाचणाऱ्यानं मिनोच्या उत्तरावरून ओळखायचं.

रेणुका ओळखत बसायची नाही. ती सरळ बोलायची.

"पाय दुखून राहिले माझे," जनावर म्हणायचं, किनवटच्या हेलात. "लई चाललो. न्हाई चालत आता. तू मला उचल." आणि मिनोचा छापलेला फुगा असायचा, 'अजून थोडंच राहिलं.' ते इतकं चपखल बसायचं की मी हसून हसून खाटेवरून घसरायची.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. बारावीचे पेपर झाले तसा शहरातला पाण्याचा ठणठणाट वाढला. वसतिगृहं रिकामी होत गेली, क्लासवाल्यांनी जमेल त्यांना गावी जाऊन अभ्यास करायला सांगितलं. मांजरेचं धरण कोरडं पडलेलं. पुढे रेल्वेनं पाणी आलं, ते पाहायला लोक स्टेशनाकडे गेले. आम्ही दोघी खोली सोडून गेलो नाही, कारण गावी तरी कुठं पाणी होतं. टँकर आला की घागरी, बादल्या, तेलाचे डबे घेऊन गल्ली धावायची. रेणुकाला भांडता यायचं नाही. मला यायचं. मी पाइप धरायची, ती भरलेली भांडी आत नेऊन ठेवायची.

आमचे घरमालक आप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, मोंढ्यातलं दुकान मुलाकडे सोपवून दिवसभर ओसरीवर बसलेले. एकदा टँकरची वाट पाहत आम्ही ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. आप्पा चष्मा सावरत जवळ आले आणि त्यांचं बोट आपोआप पानाच्या उजव्या कडेला गेलं.

"तुम्हाला कसं कळलं आप्पा, इथून वाचायचं ते?" रेणुकानं विचारलं.

"कळायचं काय त्यात? निजामाच्या वक्ताला शिकलो मी. समद्या किताबी अशाच होत्या, उर्दूच्या. तुमच्याच उलट्या." मग जनावराकडे बोट दाखवून, "ह्यो काय म्हणून राहिला?"

रेणुकानं क्षणभर चित्र पाहिलं. "तो म्हणून राहिला, या आप्पांच्या घरी चहा भेटंल का."

आप्पा हसले नाहीत. आत वळून सुनेला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, "तीन चहा टाक." आणि बसले. त्या दिवसापासून दुपारी ते आमच्यासोबत असायचे. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला मिनोच्या देशाचा नकाशा होता. आप्पांना तो फार आवडायचा. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला तेव्हा गंजगोलाईच्या चौकात कसा गुलाल उधळला, हे ते त्या नकाशावर बोट फिरवत सांगायचे, जणू गंजगोलाई तिथंच कुठंतरी होती. रेणुकानं पेन्सिलीनं नकाशाचा जंगलाकडचा कोपरा रेघ मारून तोडला.

"हा किनवट जिल्हा," ती म्हणाली. "पेपरात आलंय, होणार म्हणून."

"दर साली येतं," आप्पा म्हणाले.

"मंग यंदा आपणच करून टाकू. कलेक्टर कोण?"

जनावर झालं कलेक्टर.

तन्वी मोबाइलवर भाग दाखवत होती आणि मी पाहत होते. ॲनिमेत मिनोचा झगा निळा होता. पुस्तक काळंपांढरं, रंग कुठंच नाही. पण तो झगा पळसाच्या फुलांच्या रंगाचा आहे हे रेणुकानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं आणि मी कधी त्याचा वेगळा रंग पाहिलाच नव्हता. ॲनिमेतलं रान नारिंगी होतं, संध्याकाळी जांभळं व्हायचं. पुस्तकातलं रान म्हणजे नुसता कोरा कागद, त्यावर दोन रेघा. लातूरचा तो एप्रिल तसाच होता. सकाळी दहानंतर गल्लीला रंग उरायचा नाही, भिंती आणि आकाश एकसारखे पांढरे व्हायचे, आणि डोळे मिटले तरी आत तेच पांढरं दिसायचं.

पुस्तकात एका जागी मिनो आणि जनावर कोरड्या नदीच्या पात्रातून चालतात. पानांमागून पानं, शब्द नाही. आम्ही तिथं रेंगाळायचो. रेणुका पानावर तळहात ठेवून म्हणायची, "थांब. अजून न्हाई ओलांडली." ॲनिमेत तिथं बासरी वाजते आणि थोड्याच वेळात नदी संपते. पडदा थांबवता येतो, हे खरं. पण थांबवला की चालणारी मुलगी एक पाय उचलून अर्धवट थिजते. पुस्तकात ती चालतच असायची.

"विहिरीचं गाव कुठंय?" मी तन्वीला विचारलं.

ते प्रकरण आम्हाला सगळ्यांत प्रिय. मिनो एका गावात येते, तिथं विहिरीपाशी रांग असते, ती रांगेत उभी राहते, आणि प्रकरणभर तेच. कुणी कुणाची चुगली करतं, एक बाई लुगड्याचा पदर डोक्यावर घ्यावा तसं कापड घेऊन झोपी जाते, जनावर रांगेत सगळ्यांच्या मागे मुकाट बसतं. शेवटी मिनोचा नंबर येतो आणि ती प्यायच्या आधी जनावराला पाजते.

तन्वीनं शोधलं. "ते नाही घेतलं. काही घडतच नाही ना त्यात, मावशी. बोअर झालं असतं लोकांना."

आप्पांनी त्या प्रकरणातल्या प्रत्येक माणसाला गल्लीतलं नाव दिलं होतं.

मेच्या सुरुवातीला काकूंनी रेणुकाची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. "पोरी, डोळे पिवळे दिसून राहिलेत तुझे." कावीळ त्या दिवसांत घरोघर होती. कुठलं पाणी कुठून येतंय कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून औषध आणलं, पण तिला उठवेना. दत्ता हैदराबादहून आला. उंच, गप्प, बहिणीसारखेच दाट केस. त्यानं तिची पिशवी भरली.

रेणुका खाटेवर बसून मला बजावत होती. "पुस्तकं तुझ्यापाशीच राहू दे. एकच घेऊन जाते. पण परीक्षा होईपर्यंत हात लावायचा न्हाई. आप्पा तुझ्यावर लक्ष ठेवतेत."

"मला वाचताच येत नाही तुझ्याशिवाय," मी म्हणाले.

"येतं की. फुगा रिकामा हाय. तू भर."

दत्तानं तिला आधार देऊन रिक्षात बसवलं. नांदेडपर्यंत एसटीनं, पुढे किनवटच्या गाडीनं जाणार होते. ती हात हलवायची विसरली. इतकी थकली होती.

माझी प्रवेश परीक्षा झाली त्या दुपारी वडील केंद्राबाहेर उभे दिसले. ते मुखेडहून न कळवता आले होते. त्यांनी आधी मला उसाचा रस पाजला, मग लिंबाच्या झाडाखाली बसवून सांगितलं. रेणुका चार दिवसांपूर्वी गेली होती. परीक्षा बिघडू नये म्हणून माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. त्यांचा काही दोष नव्हता. पण त्या चार दिवसांत मी तिच्या खाटेवर पुस्तकं मांडून अभ्यास केला होता, ती येईल तेव्हा काय काय विचारायचं ते मनात साठवत, हे मला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

मुखेडला गेल्यावर मी पहिल्यांदा ते पुस्तक एकटीनं उघडलं. भरदुपार, घरातले सगळे आडवे झालेले. जनावर मिनोकडे मान वळवून पाहतंय, तोंडाशी कोरा फुगा. आणि मला तिचा आवाज ऐकू आला. आठवला असं म्हणणार नाही, ऐकू आला. तोच हेल, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. "जेवलीस का न्हाई तू?" तो आवाज म्हणाला. हे वाक्य रेणुकानं त्या फुग्यात कधीच घातलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. मग ते पुन्हा उघडलं.

मग ते वर्षानुवर्षं चाललं. मी डॉक्टर झाले नाही, नांदेडला विज्ञान शिकले, शिकवू लागले. आप्पा गेले, त्यांच्या तेराव्यालाच मी लातूर शेवटचं पाहिलं. उन्हाळ्यात कधीतरी पेटी काढायची, एखादं पान उघडायचं. जनावर बोलायचं. मला पाहायला आलेल्या मुलाविषयी बोललं. माझ्या पहिल्या पगाराविषयी बोललं. कधी थट्टा करायचं, कधी नुसतंच "हं" म्हणायचं. ती बोलते आहे की मीच, हा प्रश्न मला पडायचा. मी तो फार ताणत नसे. भीती वाटायची, पण ती भीती मला हवी होती. तो आवाज येईनासा झाला असता तर काय, एवढ्याचीच खरी भीती होती.

आणि यंदा तसंच झालं. तन्वीसोबत मी ॲनिमेचे सगळे भाग पाहिले. नको म्हणायचं सुचलंच नाही, पोर इतकी आनंदात होती. शेवट त्यांनी गोड केलाय. पुस्तकात खिंडीपाशी जनावर थांबतं आणि मिनो एकटी पलीकडे उतरते. पडद्यावर दोघं मिळून उतरतात, खाली गाव दिसतं, पाऊस येतो. तन्वी रडली. ती परत गेली त्या दुपारी मी पुस्तक उघडलं, नेहमीचं पान, नेहमीचा फुगा, आणि त्यातून तो जपानी पुरुष बोलला. घोगरा, जड, खोल विहिरीतला. मी दुसरं पान उघडलं. तिथंही तोच. विहिरीच्या गावाचं प्रकरण उघडलं, जे त्यांनी घेतलंच नव्हतं; तिथंही रांगेच्या शेवटी बसून तोच बोलत होता. रेणुकाचा आवाज कसा होता हे मी आठवून पाहिलं, मोठ्यानं म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून माझाच आवाज आला.

दुसऱ्यांदा कुणीतरी गेलं होतं, आणि याविषयी कुणाला काही सांगण्यासारखं नव्हतं.

शेवटी मी पुस्तकं पिशवीत घातली आणि सकाळची किनवटची गाडी धरली. का, ते धड माहीत नव्हतं. पुस्तकं रेणुकाच्या घरची होती, एवढं कारण पुरेसं होतं. भोकरनंतर डोंगर सुरू झाले, साग पानं झाडून उभे होते. किनवटला स्टँडबाहेरच्या भिंतीवर जिल्हा मागणारी अक्षरं उन्हानं अर्धी उडालेली. तिथून जीपनं गाव.

दत्ता आता गावातच असतो, पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो. अंगणात एक मोटर उघडून बसला होता. त्यानं मला लगेच ओळखलं, हात पुसून आत हाक मारली, "माय, रेणूची मैत्रीण आली." त्याची आई, शेवंतामाय, आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, आता घरीच असते. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पुस्तकं पाहून दत्तानं एक हातात घेतलं, दोन पानं उलटली, मिटून ठेवलं आणि पुन्हा मोटरीकडे गेला.

मायला बोलायला काहीतरी हवं म्हणून मी सांगितलं, की याचा आता सिनेमासारखा केलाय, पोरं मोबाइलवर पाहतात. तिनं दाखव म्हटलं. मी तन्वीनं घालून दिलेला पहिला भाग लावला. माय चष्मा नसल्यानं मोबाइल लांब धरून पाहत होती. जनावर बोललं तशी तिनं मान हलवली.

"हा न्हाई," ती म्हणाली. "हा तर बाप्या हाय. ती तर म्हातारी होती."

"कोण म्हातारी?"

"ह्ये जनावर. रेणू पडून सांगायची ना मला. हे पुस्तक छातीवर ठेवून. जनावर म्हणजे म्हातारी, दात पडलेली, सारखी खायला मागणारी." आणि तिनं ओठ आत ओढून, बोळक्या तोंडानं बोलून दाखवलं, "ए पोरी, भाकर मऊ करून दे गं, चावत न्हाई मला."

वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर गेला. मी जमिनीकडे पाहत राहिले. हे मी कधी ऐकलं नव्हतं. हे माझ्या मनातून आलेलं असणं शक्यच नव्हतं. मला वाटत होतं ते जनावर आमचं, लातूरच्या ओसरीवरचं. आणि इथं या खाटेवर, शेवटच्या दिवसांत, तिनं आईसाठी दुसरंच केलं होतं.

"आन् ती पोरगी," माय म्हणाली, "ती मुखेडची. लई भांडकुदळ. टँकर आला की पाइप सोडत न्हाई. जनावर तिला भिऊन ऱ्हायचं." ती माझ्याकडे पाहून हसली. "तूच की ती. शीतल नाव होतं तिचं गोष्टीत. तुला न्हाई सांगितलं तिनं?"

"नाही," मी म्हणाले आणि विचारलं, "मग शेवटी काय होतं त्यांचं? खिंडीत सोडून जाते का ती जनावराला?"

"खिंड कुठली? त्यांचा निकाल लागतो. ती पोरगी पास होती आन् म्हातारी पेढे खाती. दात न्हाईत तरी खाती." मोबाइलवरचं चित्र आपोआप काळं झालं. "तू झाली होतीस ना पास?"

"झाले, माय," मी म्हणाले. "आम्ही दोघी झालो."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मुखेडच्या नेट कॅफेत माझा निकाल पाहून झाल्यावर मी रेणुकाचाही नंबर टाकला होता. आमच्या पॅडवर दोघींचे नंबर मीच लिहिले होते, पाठ होते. तिथं नंबरासोबत आईचं नाव विचारतात, म्हणून मी शेवंता लिहिलं, आणि निकाल आला. पहिल्या वर्गात पास होती. जीवशास्त्रात तर माझ्याही पुढे. तेव्हा तो कुणाला कळवावा हे मला समजलं नव्हतं. मला वाटलं होतं घरी त्यांनी पाहिला असेल.

"कुणी पाह्यला बाई," माय म्हणाली. "कुणाला सुचलं असतं तवा."

तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग उठली, दाराची चौकट धरून अंगणाकडे तोंड केलं आणि रोजचं काही सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"दत्ता, आपली रेणू पास झाली."